कुणाला लागलं तर नाही ना?

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीतल्या एका संवादापाशी आज वाचन थांबले ते थांबलेच. आगबोटीच्या इंजिनात स्फोट झाल्याची थाप कथानायक मुलगा हक मारतो, तेव्हा सॅली मावशी काळजीने विचारते, कुणाला लागले का? नाही, एक काळा मेला, असे तो सांगतो. नशीबच म्हणायचे, कधीकधी माणसांना इजा होते, असे म्हणून ती मोकळी होते.

ही बाई दुष्ट नाही. दारात आलेल्या मुलासाठी गरम न्याहारी मांडायला सांगणारी आहे, म्हणूनच ते वाक्य बोचते. त्याहून बोचते हकचे उत्तर, कारण आपल्या काळ्या सोबत्याला, जिमला, गुलामगिरीतून सोडवण्यासाठी नरकात जायचीही तयारी त्याने आदल्याच प्रकरणात केलेली असते.

अमेरिकेत १८८५ साली हे पुस्तक आले, तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपून २० वर्षे होत आली होती. माणसांच्या बोलण्यातून ती जायला किती वर्षे लागत असतील?