मनोरा कुठल्या बाजूला होता?

जुन्या इमारतींचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. देखणे फोटो नव्हेत, मोजता येतील असे. दुरुस्तीचं काम निघालं की वास्तुविशारदाला प्रत्येक भिंतीचा सरळ, न झुकलेला फोटो लागतो. फोटोवरून मापं घ्यायची कल्पना तशी जुनी आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या चर्चची मोजणी करताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर चढण्यापेक्षा फोटोच का मोजू नयेत, हे त्याच्या डोक्यात आलं. पुढे १८८५ मध्ये बर्लिनला याच कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली. शिडीवर चढायची वेळ आली की मला हा गृहस्थ हमखास आठवतो.

त्या छोट्या शहरातली कचेरी म्हणजे काळ्या दगडाची दुमजली, दक्षिणाभिमुख इमारत. समोर उभं राहिलं की उजव्या टोकाला घड्याळाचा मनोरा. खाली वाचनालय, वर जुनं रेकॉर्ड. नेहमीच्या फोटोंबरोबर आणखी एक मागणी होती : सभागृहात टांगलेला जुना फोटो ज्या जागेवरून काढला, तिथूनच आजचा फोटो हवा. दोन्ही शेजारी लावले की काय बदललं ते दिसेल.

बदल तर लगेच दिसत होता. जुन्या फोटोत मनोरा डाव्या टोकाला होता. यामागची गोष्ट शहरात सगळ्यांना पाठ : वीज पडली, मनोरा कोसळला, मग तो दुसऱ्या बाजूला बांधला. नव्या आराखड्यात डावीकडे ‘मूळ’ मनोरा पुन्हा उभारायचा प्रस्तावही होता. दोन शिंगांची ती कचेरी बघवली नसती, पण ते ठरवणारा मी कोण!

जुन्या कॅमेऱ्याची जागा शोधायची एक साधी रीत आहे. फोटोत जवळची आणि लांबची अशी एकमेकींना चिकटलेली दोन टोकं निवडायची, म्हणजे पोर्चच्या खांबाची कड आणि मागच्या खिडकीची चौकट. प्रत्यक्षात ती दोन्ही एका रेषेत येईपर्यंत सरकायचं. अशीच दुसरी जोडी घ्यायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता. लेन्स कुठलीही असो, जागा बदलत नाही. मनोरा सोडला तर इमारत दोन्ही अंगांनी सारखी, त्यामुळे खांब-खिडक्यांवरून फाटकाच्या डाव्या हाताला एक जागा मिळालीही. ट्रायपॉड लावला, पातळी साधली, कॅमेरा न झुकवता उंच भाग चौकटीत आणणारी शिफ्ट लेन्स वर सरकवली. सगळं जुळत होतं, फक्त जोतं जुळेना.

फोटोत जोत्याचे डावीकडे पाच थर दिसतात, उजवीकडे जेमतेम दोन. समोर पाहावं तर डावीकडे दोन आणि उजवीकडे पाच. उतार उजवीकडेच आहे, पावसाचं पाणीही तिकडेच जातं. वीज मनोरा पाडेल, जमिनीचा उतार कशी फिरवेल?

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांना म्हटलं, “काका, तो फोटो खाली काढता येईल का?”

“काढा की, साहेब. पण काच सैल आहे, बेतानं.”

फ्रेम टेबलावर आडवी ठेवून भिंग लावलं. पायऱ्यांवर कोट घातलेले सात जण ओळीने उभे. सातही जणांच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर आणि कोटाची उजवी बाजू डावीवर. एखाद्याच्या शिंप्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता आलं असतं, पण सगळ्यांचा शिंपी एकच आणि तोही वेडा? मग फ्रेमखाली दडलेली कडा पाहिली. कोपऱ्यात खरवडलेला बारीक आकडा होता, आणि तो उलटा होता, आरशात दिसावा तसा.

पूर्वी फोटो काचेच्या पट्टीवर काढत. पट्टीच्या एका अंगाला रसायनाचा थर असे. छापताना तो थर कागदाला टेकला पाहिजे. पट्टी चुकून पालथी पडली तरी काच पारदर्शक, चित्र उमटतंच. फक्त डावं-उजवं बदलतं आणि मध्ये काचेची जाडी आल्यामुळे कडा किंचित मऊ येतात. या फोटोतही त्या मऊच होत्या. मागे टेकडी आहे, ती फोटोत दिसली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण त्या पट्ट्या निळा रंग फार लवकर टिपत, आकाश पांढरंफटक होई आणि लांबची धुरकट टेकडीही त्यात विरून जाई.

वाचनालयात रोज बसणारे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांना हे अजिबात पटेना. “फोटोत ऊन पश्चिमेचं आहे आणि घड्याळात पावणेतीन. उलटा असता तर हे कसं जुळलं असतं?” मुद्दा बिनतोड होता. मी लॅपटॉपवर फोटो आडवा उलटवला. ऊन पूर्वेकडून आलं आणि घड्याळात सव्वानऊ वाजले. तबकडीवरचे आकडे पुसट, नुसते काटे दिसत होते. ऊन आणि घड्याळ, दोन्ही साक्षीदार एकदमच फितूर झाले होते!

उलटवलेल्या फोटोवरून जागा निघाली ती फाटकाच्या उजव्या हाताला, झेंड्याच्या ओट्याजवळ. तिथून जोत्याचे थर एकेक करून जुळले.

वास्तुविशारद बाईंना बोलावून भिंतीच दाखवल्या. मनोऱ्याचे दगड मुख्य भिंतीत गुंतलेले, एक थर सलग कोपऱ्यातून वळून जातो, मध्ये उभा सांधा कुठेच नाही. मागाहून जोडलेल्या बांधकामात हे असं सापडत नाही. डाव्या टोकाला मनोरा तोडल्याचा व्रण नाही, पुढचं बांधकाम गुंतवता यावं म्हणून तोंडं बाहेर काढून ठेवलेले दगडही नाहीत. बाईंनी तिथेच नकाशावर डाव्या मनोऱ्यावर काट मारली.

जुनी फ्रेम काढून सुलट प्रत लावावी, असं काही जणांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, ती तशीच राहू द्या, शेजारी सुलटी लावा आणि खाली कारण लिहा. इतकी वर्षं लोकांनी पाहिली ती उलटीच. ते मान्य झालं. गुरुजींनी मनोऱ्याचं मान्य केलं, विजेचं नाही. “वीज पडलीच होती,” ते म्हणाले, “कुठे पडली एवढंच आता शोधायचं.” आणि काकांकडे जुन्या दुरुस्तीखर्चाच्या वह्या मागायला ते जिना चढून गेलेसुद्धा.