थंडीचे केस

फाल्गुन वद्य पंचमी, रात्री साडेनऊ

आज रंगपंचमी. माझ्या अंगाला मात्र रंग लागला तो रेवाच्या केसांचा, बदामी. सकाळी सहाला खरारा घेऊन उभी राहिले आणि साडेसातला बघते तर पायाखाली गोधडीत भरता येतील एवढे केस. चहाच्या कपात दोन तरंगत होते, बोटाने काढले आणि प्यायले. घोडी सांभाळणाऱ्याने असल्या गोष्टींचं वाटून घ्यायचं नसतं.

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा आणि वसंतपंचमी मात्र माघात, हे कोडं मला शाळेपासून सुटलं नव्हतं. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून रेवा आली आणि सुटलं. ती पंचमीच्या बाजूची आहे. संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले की तिचे केस सुटायला लागतात. तेव्हा पहाटे आपल्याला शाल लागत असते, पण घोड्याचं अंग ऊब नाही, उजेड मोजतं. दिवस लांबतोय हे त्याला आपल्याआधी कळतं. स्टड फार्मवाले भर थंडीत तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे लावून ठेवतात ते यासाठीच. घोडीला वाटतं दिवस मोठा झाला, आणि ती लवकर माजावर येते. केसही लवकर टाकते.

आमच्याकडे दिवे न लावताच सगळं चाललंय. तीन आठवड्यांनी एकदा रेवाबाईंचे चार-पाच दिवस असे जातात की खोगीर दाखवायची सोय नाही. शेपटी वर, कान मागे, तंग आवळायला गेलं की किंचाळते. त्या दिवसांत अण्णा लांबूनच सांगतात, "आज तिच्या वाटेला जाऊ नको गं." मी जात नाही. बांधावरच्या कडुनिंबाखाली खाट टाकून बसते. कडुनिंबाला तांबूस पालवी आलीय, आंब्याला वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्यात, आणि कुठेतरी तांबट पक्षी टुक् टुक् टुक् करत भांड्यावर ठोके घालतोय. दुपारी त्या आवाजाने झोप येते. खरं सांगायचं तर वर्षातले हेच तीन आठवडे मला इथून कुठेही जावंसं वाटत नाही. पुढे ऊन पेटलं की दौंडकडच्या या रानात माणूस आणि जनावर दोघंही सावली धरून बसतात.

पण चांदणीचे केस गळलेले नाहीत.

चांदणी चोवीस वर्षांची. आमच्या भीमेकाठी धनगरांच्या वाड्याबरोबर जी तट्टं चालतात, पाठीवर सगळं बिऱ्हाड आणि त्यावर कोंबड्या नि कोकरं, त्यांतली ही. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं म्हणतात ती हीच जात. आमच्या बाईंनी मात्र घरच्या हौदापलीकडचं पाणी गेल्या पंधरा वर्षांत चाखलेलं नाही. तिच्या पोटाखाली आणि जबड्याखाली अजून बोकडासारखे लांब केस लोंबतायत. गेल्या वर्षी उशिरा का होईना, गळले होते. मी आपली समजत होते, म्हातारीला थंडी जास्त वाजत असेल. डॉक्टरांनी बघताक्षणी मान हलवली. म्हातारपणी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बिघडली की घोड्याचं अंग ऋतू विसरतं, थंडीचा कोट उतरतच नाही. रक्त तपासायला नेलंय. तोवर एकच ताकीद, गोड काही द्यायचं नाही. अशा घोड्याच्या खुरांत आतून सूज येते आणि पाय टेकवणं मुश्कील होतं.

आता मार्च महिन्यात, उसाच्या पट्ट्यात, गोड बंद! तोडणीची टोळी शेजारच्या रानात आहे, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधावर पडलेत आणि वारा आमच्याच बाजूचा. चांदणी दिवसभर तिकडे मान करून उभी असते. तोबऱ्यात हरभरा नाही, कोंडा नाही, गूळ तर नाहीच. भिजवून निथळलेलं वाळलं गवत. पहिल्या दिवशी तिने तोबरा हुंगला आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते माझ्या सासूबाईंनी अळणी वरणाकडे पाहिलं होतं अगदी तसं.

दुपारी वस्तीवरची पोरं पिचकाऱ्या घेऊन आली. "काकू, घोडीला रंग लावू?" मी म्हटलं, अजिबात नाही. मग सगळ्यात धाकट्याने खिशातून गुळाचा खडा काढला. तोही नाही म्हटल्यावर तो रडायलाच लागला. शेवटी खरारा त्याच्या हातात दिला. रेवाचे केस उडाले, त्याच्या हिरव्या-गुलाबी तोंडाला चिकटले आणि तो घरी गेला तो छोटं अस्वल होऊन. त्याची आई उद्या मला बोलणार.

पारा चाळीस अंशांवर जायच्या आत चांदणीचा कोट उतरवायला हवा, म्हणजे मशीनने कापायलाच हवा. तिने जन्मात असलं यंत्र ऐकलेलं नाही. म्हणून अण्णांनी परवापासून सुरू केलंय: संध्याकाळी ती खात असताना दहा हातांवर उभं राहून मशीन नुसतं चालू ठेवायचं. परवा ती दावं तोडायला निघाली. काल खाणं सोडून बघत राहिली.

आज कान तेवढा एकदा हलला.