माल्मोत बाहेरचं कोण?

स्वीडनमधल्या माल्मोला नोकरी मिळाली की मुलाच्या आईवडिलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. शहर सुरक्षित आहे ना? आणि बाहेरच्या लोकांनी ते बिघडवलं म्हणतात, खरं का? गोळीबाराचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेलेच असतात, ते उगाळत नाही.

टोळ्यांचा गोळीबार खरा आहे. त्यात मारणारी आणि मरणारी बरीच पोरं स्थलांतरितांच्या घरांतली आहेत, हेही खरं. ते लपवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण 2017 मध्ये साठावर गेलेल्या घटना पुढच्या सहा-सात वर्षांत निम्म्याहून खाली आल्या, तेही सांगायला हवं.

दुसऱ्या प्रश्नाचा मात्र राग येतो. विचारणाऱ्याने त्या ‘बाहेरच्यां’तून स्वतःला आधीच वगळलेलं असतं. म्हणून 2009-10 सांगतो. तेव्हा शहरात एकामागून एक माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, कुणी रस्त्यावर, कुणी गाडीत, कुणी घरात. लक्ष्य बहुतेक स्थलांतरित दिसणारे. ऑक्टोबर 2009 मध्ये गाडीत बसलेली 20 वर्षांची मुलगी मेली. ती मूळची स्वीडिश होती, शेजारी बसलेला मित्र स्थलांतरित घरातला. वर्षभराने दोन बायका स्वतःच्या घरात, खिडकीतून आलेल्या गोळ्यांनी जखमी झाल्या. सुरुवातीला यातल्या कितीतरी घटना टोळ्यांच्या खाती टाकल्या गेल्या. ज्याला गोळी लागली त्याच्यावरच संशय. नोव्हेंबर 2010 मध्ये पीटर मांग्स पकडला गेला. माल्मोतच राहणारा स्वीडिश माणूस, परवान्याचं 9 मिलिमीटर पिस्तूल बाळगणारा. दोन खून आणि खुनाचे अनेक प्रयत्न सिद्ध होऊन जन्मठेप झाली. त्याने कुणाचा व्हिसा किंवा पगार विचारला नव्हता.

तो एकटा माथेफिरू, टोळीवाले शेकड्याने, असं मला ऐकवतात. मान्य. म्हणून तो घडलाच नाही असं होत नाही.

टोळ्यांसाठी 2018 पासून ‘स्लूता हूट’ (म्हणजे ‘गोळीबार थांबवा’) ही योजना आहे, मूळ बॉस्टनची. टोळीतल्या, शिक्षेच्या देखरेखीखाली असलेल्या तरुणांना सक्तीने बोलावतात. समोर पोलीस, समाजसेवा खातं, वस्तीतली माणसं. सांगणं असं: तुम्ही जिवंत राहायला हवे आहात, बाहेर पडायचं असेल तर या नंबरावर फोन करा, एकानेही गोळी झाडली तर पोलीस अख्ख्या गटामागे लागतील. अडतं ते नव्या सुपारीपाशी. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा दुसऱ्या शहरातून मोबाइलवर काम घेऊन येतो. तो कुठल्याच गटात नाही, त्याला बोलावणार कसं?

घर बघताना वस्तीच्या नावावर जाऊ नका. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो, तेव्हा जा. जिन्याचं दार आपोआप बंद होतं का, तळघरातल्या खोल्यांची कुलपं शाबूत आहेत का, पाहा. कपडे धुण्याच्या सामायिक खोलीत वेळांचा फलक पाळला जात असेल तर इमारतीला वाली आहे. पोटभाड्याने राहणार असाल तर मूळ मालकाची परवानगी लेखी मागा, नाहीतर घर हातचं जाऊ शकतं. सायकल तर जातेच जाते: विमा कंपनीला मान्य असलेलं कुलूप घ्या, फ्रेम नंबरचा फोटो ठेवा.

जिवावरचं असेल तर 112, बाकी तक्रारीला 11414. आणि वंशावरून कुणी धमकावलं तर तक्रारीत ते कारण स्पष्ट लिहायला मुलाला सांगा. स्वीडिश कायद्यात त्या हेतूमुळे शिक्षा वाढू शकते, पण हेतू नोंदवलाच नाही तर तो सिद्ध करायला पुढे कुणी धडपडत नाही.