‘ओके, जो’

९ ऑगस्ट २०२५, शनिवार, राखीपौर्णिमा. सकाळी लोकलमध्ये फोन उघडला तर बातमी: अपोलो १३ या चांद्रमोहिमेचे कमांडर जिम लव्हेल गेले. वय ९७. माझ्या पिशवीत त्यांचे शंभरावर संवाद होते, मराठीत, टाइमकोड घालून छापलेले. तीन तासांनी गोरेगावच्या स्टुडिओत एक नट ते बोलणार होता.

मी माहितीपटांच्या मराठी आवृत्त्या लिहिते. त्या महिन्यात चांद्रमोहिमांवरची एक मालिका हातात होती आणि त्या दिवशी अपोलो १३ चा भाग होता. बाहेरच्यांना वाटतं, भाषांतर केलं की झालं. पण यात मूळ आवाज खाली मंद चालूच असतो. तो सुरू झाल्यावर दीडेक सेकंदाने मराठी आवाज वर येतो आणि मूळ माणूस थांबायच्या आत त्याला वाक्य संपवावं लागतं. मराठी क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवट कापला की अर्थच जातो. मी स्टॉपवॉच घेऊन, मोठ्याने म्हणत लिहिते. घरच्यांना आता सवय झाली आहे.

या भागासाठी मी मूळ संभाषणाच्या टेपा तीन आठवडे ऐकल्या. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं ते वाक्य जग चुकीचं म्हणतं, हे तेव्हा नीट कळलं. ‘ह्यूस्टन, प्रॉब्लेम आहे’ असं कुणी म्हणालंच नाही. १३ एप्रिल १९७० ची रात्र, ह्यूस्टनच्या, म्हणजे नासाच्या नियंत्रण केंद्राच्या, घड्याळात नऊ वाजून गेलेले, यान पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास आणि त्यात नुकताच स्फोट झालेला. आधी लव्हेलचा यानातला सोबती जॅक स्वायगर्ट बोलला. ह्यूस्टनने पुन्हा सांगायला सांगितलं. मग लव्हेल बोलले. दोघांनीही एकच काळ वापरला: काहीतरी होऊन गेलंय आणि त्याचा परिणाम अजून चालू आहे. यासाठी मराठीत आपल्या रोजच्या बोलण्यातलं रूप तयार बसलेलं आहे. ‘ह्यूस्टन, प्रॉब्लेम झालाय.’ नळ फुटला की आपण असंच सांगतो. वाक्य सापडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी फार खूश होते.

पुढचं वाक्य मात्र अवघड गेलं. लव्हेल लगेच म्हणतात, मेन बी बसचं, म्हणजे यानातल्या विजेच्या एका मुख्य लाइनचं, व्होल्टेज खाली गेलंय. ‘बस’ ऐकलं की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे लाल बसच येणार. आमचा रेकॉर्डिस्ट इलेक्ट्रिकचा डिप्लोमा केलेला आहे, तो म्हणाला, ‘बसबार म्हणा ना.’ पण तेवढी अक्षरं बसेनात. शेवटी ‘बी लाइनचं व्होल्टेज पडलंय’ असं केलं.

मग ‘तू’ की ‘तुम्ही’. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, आपल्याकडे पहिल्याच ओळीला येतो. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की लव्हेल कमांडर, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना ‘सर’ म्हणावं. मी नकार दिला. लव्हेल ४२ वर्षांचे, स्वायगर्ट ३८, फ्रेड हेज ३६. तिघं एका खोलीएवढ्या जागेत. टेपवर ते एकमेकांना नावाने हाक मारतात. शिवाय ह्यूस्टनहून बोलणारा, ज्याला कॅपकॉम म्हणतात, तोही अंतराळवीरच असायचा. वर असलेल्याशी त्याच्याच जातकुळीतल्या माणसाने बोलावं, अशी त्यांची रीत होती. म्हणून सगळ्यांना एकेरी ठेवलं आणि पूर्ण यानाला उद्देशून बोलतात तिथे ‘तुम्ही’. ही लढाई मी जिंकले.

ह्यूस्टनच्या आवाजासाठी एक काका येतात. रेल्वेत ३० वर्षं काढलेले, त्यातली बरीचशी सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे एका पट्ट्यातल्या गाड्या फोनवरून हलवणारे. निवृत्तीनंतर आवाजाची कामं करतात. त्या दिवशी ते बूथमध्ये शिरण्याआधी म्हणाले, ‘ताई, हे गृहस्थ आज गेले ना? मग आज सांभाळून करू.’

पहिल्याच टेकला दिग्दर्शकाने टॉकबॅकवरून थांबवलं. ‘काका, स्फोट झालाय! आवाजात टेन्शन हवं.’ काकांनी हेडफोन काढला. म्हणाले, ‘साहेब, कंट्रोलच्या फोनवर कुणी ओरडत नाही. ओरडलं की ऐकू येत नाही. समोरचा सांगतो, आपण तेच परत म्हणून दाखवतो, निरोपाची खात्री म्हणून प्रायव्हेट नंबर देतो-घेतो, लिहून ठेवतो. गाडी रुळावरून उतरली तरी हेच. उलट तेव्हा जास्त हळू बोलतात.’ आणि त्यांनी तो टेक पुन्हा दिला: ‘मिळालं. बी लाइनचं व्होल्टेज कमी.’ माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘रॉजर’ होतं. ‘मिळालं’ त्यांनी आपणहून घातलं. रॉजरचा अर्थ ‘हो’ असा नाहीच, निरोप पोचला एवढाच आहे. तीन आठवडे डोकं खाजवून मला जो शब्द मिळाला नव्हता, तो त्यांनी नोकरीतून आणला होता.

दिग्दर्शक वाईट माणूस नाही. पण गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक समज घट्ट झाला आहे, की मराठी प्रेक्षकाला भावना ऐकू आल्या नाहीत तर तो चॅनल बदलतो. मला हा प्रेक्षकाचा अपमान वाटतो. स्फोटानंतर चौदाएक मिनिटांनी लव्हेल खिडकीतून बाहेर बघतात आणि सांगतात की काहीतरी बाहेर जातंय, अवकाशात. मध्ये किंचित अडखळतात, बस. तो वायू म्हणजे त्यांचा प्राणवायू होता. एक टाकी शून्यावर आली होती, दुसरी उतरत होती. त्यावर वीज आणि पाणी दोन्ही अवलंबून. मूळ वाक्यात ते ‘आम्ही सोडतोय’ अशा अर्थाचं बोलतात, यान आणि माणूस वेगळे न काढता. मी लिहिलं, ‘आपल्यातून काहीतरी बाहेर... बाहेर जातंय, अवकाशात.’ ‘आपल्यातून’ या शब्दावर लव्हेलचा आवाज करणारा नट क्षणभर थांबला. नाटकातला आहे, थांबायचं कुठे ते त्याला कळतं. तो टेक पहिल्याच खेपेत ओके झाला.

स्फोटाच्या कारणाबद्दल मी निवेदनात ४० सेकंदांचा मजकूर लिहिला होता. वाहिनीने तो आधीच कापून ‘तांत्रिक बिघाडामुळे’ एवढं ठेवलं होतं. मला ते अजून सलतं. कारण तो बिघाड म्हणजे छोट्या-छोट्या दुर्लक्षांची साखळी होती. १९६८ मध्ये कारखान्यात ती टाकी जेमतेम पाच सेंटिमीटरवरून आदळली होती. उड्डाणाआधीच्या चाचणीत ती नेहमीसारखी रिकामी होईना, म्हणून आतला हीटर तासन्‌तास चालू ठेवून ऑक्सिजन उडवून लावला. हीटर बंद करणारे थर्मोस्टॅट २८ व्होल्टचे होते, जमिनीवरचा पुरवठा ६५ व्होल्टचा. व्होल्टेज वाढवायचं कधीच ठरलं होतं, पण ते स्विच बदलायचे राहून गेले. पॉइंट चिकटले. आतलं तापमान शेकडो अंशांवर गेलं आणि बाहेरचा काटा २७ सेल्सिअसच्या वर दाखवूच शकत नव्हता, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. आत तारांवरचं टेफ्लॉन जळून गेलं. मग अवकाशात ह्यूस्टनने रोजचंच काम सांगितलं, टाक्या ढवळा, स्वायगर्टने पंख्याचं बटण दाबलं आणि ठिणगी पडली. हे ४० सेकंदांत बसतं, मी मोजून बसवलं होतं. ‘पॉइंट चिकटले’ हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वायरमनला कळतं. तेच प्रेक्षकाला जड जाईल म्हणून काढलं.

दुपारनंतर वाटेतले चार दिवस. मुख्य यान, ओडिसी, बंद करून तिघं चांद्रयानात, ॲक्वेरियसमध्ये राहिले. ते दोन माणसांसाठी आणि दोनच दिवसांसाठी बांधलेलं होतं. पाणी माणशी रोज पेलाभर. थंडी तीन अंशांच्या आसपास. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे मुख्य यानात चौकोनी आणि चांद्रयानातली भोकं गोल. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी आणि चिकटपट्टी यांचा जोड कसा करायचा ते ह्यूस्टनने नुसतं बोलून समजावलं. हा भाग मी फार प्रेमाने लिहिला. ‘पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला’ असलं वाक्य न बघता समजलं पाहिजे. ते तपासायला मी घरी मुलाला पाठमोरं बसवून, तोंडी सांगून एक खोका बांधून घेतला होता. दिग्दर्शकाला इथे दातांवर दात आपटल्याचा आवाज हवा होता. मूळ टेपवर मला तसलं काहीही ऐकू आलं नाही, म्हणून मी अडून बसले. नटाने माझी बाजू घेतली, तेव्हा ते सुटलं.

परतीच्या आधीची एक गोष्ट मला भाषेच्या दृष्टीने फार मोठी वाटते. चांद्रयान सोडून देण्याचा स्विच मुख्य यानात होता आणि लव्हेल आणि हेज चांद्रयानात असताना तो चुकून दाबला जाईल अशी स्वायगर्टला भीती होती. थकलेला माणूस, झोप नाही. त्याने कागदावर ‘नो’ लिहून तो स्विचवर चिकटवला. पडद्यावर हे दिसताना मराठी काय घालायचं? पहिल्या मसुद्यात ‘नाही’ होतं. मग उमगलं की तो स्वतःच्याच हाताला सांगतोय. ‘नको.’ आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द आहे याचा मला त्या दिवशी खरंच अभिमान वाटला.

आणि मॅटिंग्ली. स्वायगर्टच्या जागी मुळात केन मॅटिंग्ली जाणार होता. जर्मन गोवराचा संसर्ग झाला असेल या शंकेने त्याला ऐन वेळी काढलं. त्याला गोवर झालाच नाही. गोठलेलं यान पुन्हा चालू करण्याची लांबलचक यादी जमिनीवर जुळवणाऱ्यांत तो होता आणि त्यातला बराचसा भाग स्वायगर्टला वाचून दाखवणाराही तोच. एक एक स्विच. ज्याची खुर्ची होती तो सांगतोय, ज्याला मिळाली तो लिहून घेतोय. काकांनी ही यादी वाचताना बूथमध्ये पेन्सिल हातात घेतली आणि प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण केली. का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी शेवटचा सीन. १७ एप्रिल १९७०. यान वातावरणात शिरताना रेडिओ बंद पडतो, हे अपेक्षितच होतं. पण ठरलेली वेळ उलटली आणि आवाज आला नाही. ८७ सेकंद जास्त गेले. दिग्दर्शकाला त्या शांततेवर निवेदन हवं होतं, ‘जग श्वास रोखून’ वगैरे. मी म्हटलं, निदान एकदा रिकामं ऐकू या. रेकॉर्डिस्टने मूळ ट्रॅक लावला. काचेपलीकडे दोघं माइकसमोर उभे. नुसती खरखर. कुणी हललं नाही. काकांनी क्यू आला तसं म्हटलं, ‘ओडिसी, ह्यूस्टन. वाट बघतोय.’ पुन्हा खरखर. मग स्वायगर्टचा मूळ आवाज, आणि त्यावर आमच्या नटाचा:

‘ओके, जो.’

एवढंच बोलला तो. पलीकडे कॅपकॉम जो कर्विन होता, त्याला नावाने उत्तर दिलं. मृत्यूच्या तोंडातून बाहेर आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य, दोन शब्दांचं. मी लिहिताना ‘हं, बोल जो’ आणि ‘ओके, जो’ यांत चार दिवस अडकले होते आणि शेवटी मूळचं तसंच ठेवलं होतं. टेक संपल्यावर काकांनी डोळे पुसले. म्हणाले, ‘रात्री स्टेशन उत्तर देत नसलं की असंच होतं. आणि मग तो मास्तर इतकंच म्हणतो, हं, बोला.’

दोन महिन्यांनी भाग लागला. शांततेवर निवेदन होतं. आणि शेवटी स्वायगर्ट मराठीत ओरडला, ‘ह्यूस्टन, आम्ही सुखरूप आहोत!’ वाहिनीने नंतर नटाला पुन्हा बोलावून ते रेकॉर्ड करून घेतलं होतं. मला कळवलंही नव्हतं. नटाने फोन करून माफी मागितली. त्याचा काय दोष? पण स्वायगर्ट १९८२ मध्येच गेला आहे, लव्हेल आमच्या रेकॉर्डिंगच्या दोनच दिवस आधी गेले. मी असं बोललो नव्हतो, हे सांगायला दोघांपैकी कुणी उरलेलं नाही. माझं नाव मात्र शेवटच्या पाटीवर आहे.

मी वाहिनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की बदल प्रेक्षकांच्या हिताचा होता.

काकांचाही फोन आला. ‘ताई, ते ओके कुठं गेलं?’ मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पण तुम्ही “हं, बोल” का नाही ठेवलंत? मास्तर तसंच म्हणतो.’

अजून ठरत नाही. ‘हं’मध्ये नुसता श्वास आहे, तो आधी ऐकू येतो. पण ‘ओके’ त्याचा स्वतःचा शब्द होता.