कोल्डप्ले, नेरुळ: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

सगळं नियोजन रात्री दहापासून उलटं करायचं. उघड्या मैदानावर दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, त्यामुळं नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा मोठा कार्यक्रम दहाच्या आसपास संपतो. त्याच वेळी चाळीस-पन्नास हजार माणसं एकदम बाहेर पडतात, आणि बेळगावकडं येणाऱ्या बहुतेक स्लीपर गाड्या तोवर मुंबई सोडून निघालेल्या असतात. मुक्काम, सामान, परतीचं तिकीट, सगळं या एका अडचणीवर ठरतं.

कोल्डप्ले हा चौघांचा ब्रिटिश रॉक बँड, त्यांचा पहिला अल्बम २००० सालचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात आले होते, पण तो अनेक कलाकारांचा मिळून झालेला महोत्सव. त्यांचा स्वतःचा पूर्ण कार्यक्रम बघायला आपल्या भागातल्या चाहत्यांना जानेवारी २०२५ उजाडला: १८, १९ आणि २१ तारखेला नेरुळ, मग २५ आणि २६ ला अहमदाबाद. खालचे अंदाज नेरुळचे आहेत. त्या मैदानावर पुढं कुणीही आलं तरी रस्ता, गर्दी आणि दहाची वेळ तीच राहणार.

तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला खुली झाली, भाव अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. ऑनलाइन रांगेतला नंबर लाखांत गेला की आशा सोडावी. अशा विक्रीत घोटाळा होतो तो बहुधा पैसे भरताना. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते. म्हणजे चार तिकिटं हातात येऊन व्यवहार अडकतो आणि तोवर घड्याळ संपतं. विक्रीच्या दोन दिवस आधी लॉगिन, कार्ड, ओटीपीचा फोन सगळं तपासून ठेवा. रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका. तिकीट कुरिअरनं येणार असेल तर खेड्यातला पत्ता देण्यापेक्षा बेळगाव शहरातला, दिवसा कुणीतरी घरी असेल असा पत्ता द्या. दुसऱ्याकडून चढ्या भावानं घ्यायचं असेल तर तिकिटाचा फोटो हा पुरावा नव्हे. एकच फोटो दहा जणांना विकता येतो.

जाताना बसच सोयीची, आणि याचं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. बेळगावहून मुंबईला जाणारी गाडी कळंबोली, खारघर, बेलापूर करत सायन-पनवेल महामार्गानं जाते, आणि स्टेडियम त्याच महामार्गाला लागून आहे. दादरपर्यंत जाऊन उलटं येण्यात दीड-दोन तास वाया जातात. नेरुळच्या एल.पी. थांब्यावर उतरायचं, आणि बसताना ड्रायव्हर-क्लीनरला सांगून ठेवायचं. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात. संध्याकाळी सात-आठला निघालेली गाडी उजाडता पोचावी, पण कागल ते सातारा रुंदीकरणाची वळणं, खंबाटकी आणि सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याचा घाट हे तिन्ही धरून तीन तास जादा ठेवा. म्हणून शो ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या रात्री निघा. त्याच दिवशी सकाळी स्वतःची गाडी काढून निघणं म्हणजे जुगार. निपाणी, संकेश्वरवाल्यांना महामार्गावरच चढता येतं. खानापूरकरांनी बेळगावात येऊन बसावं.

सीमाभागातल्या माणसानं एक जास्तीची काळजी घ्यायची. प्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या सरकारी बस बंद पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. परतीचं एक रेल्वेचं तिकीट हाताशी असू दे. हुबळी-दादर एक्स्प्रेस आणि चालुक्यसारख्या गाड्या मिरज, पुणे, कल्याणमार्गे जातात. या गाड्यांनी नेरुळला जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडा. पुणे-हुबळी वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस असते, त्यामुळं वार बघूनच तिच्यावर विसंबा.

मुक्काम मुंबईच्या बाजूला घेऊ नका. शो सुटल्यावर लोंढा वाशी, कुर्ल्याकडं जातो. उलट्या दिशेला बेलापूर, खारघर, पनवेल एकाच हार्बर मार्गावर आहेत, आणि दुसऱ्या दिवशी बेळगावची गाडी तिथूनच पकडता येते. तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी लॉज धरा, नंतर भाव दुप्पट होतात. लॉज आणखी एका कारणासाठी लागतो: सॅक. मोठी बॅग, बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली आत सोडत नाहीत, आणि रात्रभर प्रवास करून आलेल्याच्या पाठीवर नेमकं तेच असतं. लोकल स्टेशनांवर क्लोकरूम नसते. मोठ्या स्टेशनांवर असते, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. पाहुण्यांसाठी नेलेला कुंदा गेटवर टाकून द्यावा लागला तर फार जिवावर येतं, तो आधी पोचवा.

नेरुळ किंवा जुईनगर स्टेशनवरून स्टेडियम चालत गाठता येतं. परतीचं लोकल तिकीट जातानाच काढा, कारण रात्री मोबाईलचं नेटवर्क कोलमडतं आणि तिकिटाचं अ‍ॅप उघडत नाही. प्रवेशाचं तिकीटही फोनमध्ये उतरवून ठेवा. पाचशे-हजाराची रोख, त्यात सुट्टे, असू द्या. शो रविवारी असेल तर दुपारी हार्बरचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का हे आदल्या दिवशी बघा.

जागा निवडताना एवढं लक्षात घ्या की कोल्डप्लेचे मंच तीन असतात. समोरचा मोठा, त्यातून निघणाऱ्या लांब वाटेच्या टोकाला दुसरा, आणि मैदानाच्या पार मागच्या बाजूला लहानसा तिसरा. त्या तिसऱ्यावर ते काही गाणी मोजक्या वाद्यांवर वाजवतात, म्हणून मुख्य मंचापासून सर्वांत लांबच्या, स्वस्त खुर्च्यांवरच्यांना तेवढा वेळ चौघेही अगदी जवळ दिसतात. उभ्याच्या तिकिटात चार-पाच तास पायावर काढायचे असतात आणि उंची कमी असेल तर पुढच्याचा फोनच दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी स्टँडमधली खुर्ची घ्यावी, संकोच नको.

दारात मनगटी पट्टा देतात. तो इन्फ्रारेडवर चालतो, म्हणजे दिव्याकडून येणारा किरण त्याच्यावर पडायला लागतो. बाहीखाली झाकला तर बाकीचं स्टेडियम पिवळं होतं आणि आपला हात काळाच राहतो. बाही वर करा, हात उंच ठेवा. जाताना तो परत द्यायचा असतो. पुढच्या शहरात तोच वापरतात. आठवण म्हणून खिशात घातला तरी घरी तो पेटत नाही. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' चालू असताना मध्येच वादन थांबवून फोन खिशात ठेवायला सांगतात. ते एक गाणं तरी रेकॉर्डिंगशिवाय बघा.

कानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गणपती मिरवणुकीतल्या डॉल्बीची सवय आहे म्हणून कान पक्के होत नसतात. जागतिक आरोग्य संघटनेची अशा ठिकाणांसाठीची मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबल आहे, आणि स्पीकरजवळ ती सहज गाठली जाते. गायक ख्रिस मार्टिन यांनी स्वतःच्या कानात सतत वाजणाऱ्या आवाजाचा त्रास जाहीरपणे सांगितलेला आहे. औषध दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढून आत सरकवायचे, आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. नुसते कानाच्या तोंडाशी बसवले तर काही उपयोग नाही. सोबत लहान मूल असेल तर कानावर बसणारे हेडफोनसारखे संरक्षक घ्या.

सुटताना घाई करायची असेल तर शेवटच्या गाण्याआधी निघा, नाहीतर अर्धा तास जागेवरच बसा. मधला पर्याय सर्वांत वाईट. गेटसमोर अ‍ॅपची टॅक्सी येत नाही, आली तरी हलत नाही. महामार्ग ओलांडायचा तर भुयारी मार्गानं किंवा पुलानंच, रात्री गाड्या सुसाट असतात. त्याच रात्री निघणं भागच असेल तर बोरिवलीहून उशिरा सुटणाऱ्या खासगी गाडीत कळंबोलीचा थांबा निवडा आणि चढायची वेळ साडेअकराच्या पुढचीच घ्या. अकराची घेतली तर गाडी चुकण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या तिकिटाचे पैसे कुणी परत देत नाही.