गच्चीवरचा काळा डाग

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी वीतभर रुंदीचा एक काळा डाग आहे. घासून झालं, ॲसिड टाकून झालं. वरची काजळी गेली, पण फरशीला तडा गेलाय आणि त्या तड्यात जे शिरलंय ते काही निघत नाही. वर आलेले पाहुणे विचारतात, "होळी इथंच करता काय?" मी हो म्हणून टाकतो. आज खरं काय झालं ते लिहायला बसलोय, कारण पाऊस तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रुपवर "गाड्या बंद, आता भेटू दसऱ्याला" सुरू झालंय. रिमोटच्या गाडीच्या बॅटरीचा माझा सगळा घोळ ह्याच दिवसांत सुरू झाला होता.

नव्या वाचकांसाठी: मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत टूलरूमला आहे आणि रविवारी रिमोटच्या गाड्या चालवतो. रेसच्या नव्हेत, क्रॉलर. माणूस चालेल त्या वेगानं कातळ चढणाऱ्या, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या. आमचं मैदान म्हणजे पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या बाजूचे दगड. जूनमध्ये दगडाला शेवाळ धरलं की चाक टिकत नाही आणि सर्व्होत, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरीत, चिखल जातो, म्हणून चार महिने सुट्टी.

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या रविवारी वळीवानं गाठलं. भिजून घरी आलो, गाडी फडक्यानं पुसली, स्विच बंद केला आणि शोकेसवर ठेवली. बॅटरी आतच, प्लग जोडलेला. दुसरी बॅटरी सकाळी गच्च भरून नेलेली, तिला हातच लागला नव्हता. ती तशीच कपाटात ठेवली. तिसरी अर्धीमुर्धी वापरलेली, ती पिशवीत राहिली ते मी विसरूनच गेलो. तिन्ही सारख्याच: दोन सेलच्या, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर.

खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडी पण पूजेला काढतो, तेव्हा तिन्हींची गाठ पडली. गाडीतल्या बॅटरीला मीटर लावला तर ३.१ व्होल्ट. कपाटातली पुरीसारखी फुगलेली, प्लास्टिकच्या केसचा सांधा उकललेला. आणि पिशवीत विसरलेली? तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. ७.६ च्या आसपास, सपाट, शहाण्यासारखी. जिची मी सगळ्यात कमी काळजी घेतली, तीच धडधाकट.

गाडीतली का मेली ते आधी. स्विच बंद म्हणजे वायर तुटली असं मला वाटायचं. आमच्या गाड्यांच्या स्पीड कंट्रोलरवरचा स्विच वायर तोडत नाही, आतल्या सर्किटला फक्त झोपवतो. वॉशर गेलेल्या नळासारखा थेंब थेंब करंट चालूच राहतो. एका रात्रीत काही कळत नाही, चार महिन्यांत टाकी रिकामी.

फुगलेलीचं दुखणं वेगळं, आणि ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आपल्या घरात भरून ठेवणं हा संस्कारच आहे. आईचा पिण्याच्या पाण्याचा पिंप कधी अर्धा दिसणार नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही इन्व्हर्टर घेतला तेव्हा मेकॅनिकनं बजावलं होतं, बॅटरी कायम फुल ठेवा, उतरलेली ठेवलीत तर प्लेटा जातील. त्या बॅटरीसाठी ते बरोबरच होतं, ती शिसं आणि ॲसिडची. त्याआधी आमच्या गाड्यांना निकेलच्या बॅटऱ्या होत्या. त्यातल्या निकेल कॅडमियमवाल्या पूर्ण उतरवून मगच भरायच्या, असं शिकवलं होतं. लिथियमला ह्यातलं एकही लागू नाही. तिला भरपेट ठेवलेलंही सोसत नाही आणि उपाशीही नाही. सेलला ४.२ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. त्या ताणात आठवडेच्या आठवडे पडून राहिली की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडतं, त्याचा गॅस होतो आणि सेलचं पाकीट फुगतं. उष्णता असेल तर हेच आणखी जोरात. पडून राहायचं असेल तर सेलला ३.८ च्या आसपास, म्हणजे दोन सेलला ७.६, साधारण अर्धी भरलेली. विसरलेली बॅटरी नेमकी तिथं होती, हा माझा पराक्रम नव्हे.

आता मूर्खपणा. मेलेली बॅटरी चार्जरला लावली तर त्यानं "लो व्होल्टेज" म्हणून नकार दिला. तिथंच थांबायचं होतं. पण बॅटरी साडेतीन हजारांची, आणि बॅटरी "जागी करायचा" उपाय मी कुठंतरी व्हिडिओत बघितला होता: चार्जर निकेलच्या, म्हणजे एनआयएमएच मोडला टाकायचा, त्या मोडमध्ये तो सेलचे व्होल्ट विचारत बसत नाही, दहा मिनिटं करंट ढकलतो, मग परत लिपोवर घ्यायचं. मी केलं. बॅटरी उठली, पण हाताला नको इतकी गरम लागली म्हणून लिपोवर न घेताच काढून बाजूला ठेवली. हे नंतर वाचून कळलं की सेल फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि परत चार्ज करताना ते नको तिथं साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे चार्जरनं दिलेला नकार हा त्याचा आगाऊपणा नव्हता.

चार्जर मात्र त्याच मोडला राहिला. आमचा जुना चार्जर शेवटचा मोड लक्षात ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. इचलकरंजीहून भाचा आला होता, नववीतला. सोनं लुटायला संध्याकाळी दसरा चौकात जायचं, तोवर गाडी चालवू म्हणून त्यानं विचारलं, "मामा, बॅटरी लावू काय चार्जिंगला?" मी म्हटलं लाव, चांगलीवाली लाव, गच्चीवर लाव. त्यानं तिन्हींतली चांगली बरोब्बर ओळखली. प्लग बसला, ५ अँपिअर स्क्रीनवर होतेच, स्टार्ट दाबलं. बॅलन्सची, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगळे दाखवणारी, बारीक पांढरी वायर निकेलच्या मोडमध्ये मागितलीच जात नाही, म्हणून चार्जरनंही काही विचारलं नाही.

लिपोच्या मोडमध्ये चार्जर ८.४ व्होल्टला पोचला की तिथंच धरून करंट कमी करत आणतो. निकेलच्या मोडमध्ये तो वेगळ्याच गोष्टीची वाट बघतो: भरल्यावर व्होल्ट किंचित घसरतात, ती घसरण. लिपोत ती घसरण येतच नाही. म्हणजे तो ढकलत राहिला. अर्ध्या तासात बॅटरी भरली असणार, आणि पुढचं सगळं जास्तीचं.

मी खाली श्रीखंडाचं पातेलं धरून उभा होतो. वरून हाक आली, "मामा, ह्यातनं धूर यायलाय!" जिन्यातच वास आला. जळक्या प्लास्टिकचा नव्हे, गोडसर, नखाचं पॉलिश काढायच्या बाटलीसारखा. वर गेलो तर केस कलिंगडासारखी फुगलेली आणि एका कोपऱ्यातून पांढरट धूर, कुकरच्या शिट्टीच्या जोरानं. पोराला आधी खाली पाठवलं. ह्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो छातीत घ्यायचा नसतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, फक्त भीती वाटली. खाली जाऊन गच्चीचा एमसीबी पाडला. परत आलो तेव्हा ज्वाळा, हातभर, आणि ती सरळ वर नव्हे तर आडवी, टाकीच्या पाइपाकडे.

प्लास्टरच्या कामातली घमेलंभर वाळू होती, ती ओतली. ज्वाळा दबली, मला वाटलं संपलं. मिनिटभरानं वाळूचा ढीग आतून हलला आणि दुसरा सेल गेला, वाळू उडवून. लिथियमच्या सेलला पेटल्यावर फक्त बाहेरच्या हवेवर अवलंबून राहावं लागत नाही, आतल्या कॅथोडमधूनही, म्हणजे धन बाजूच्या थरातूनही, ऑक्सिजन सुटतो. वाळूनं आग पसरत नाही एवढंच, आतली उष्णता शेजारच्या सेलला मिळतेच. मग बादलीनं पाणी. लिथियमवर पाणी टाकू नये असं सगळे सांगतात, ते शुद्ध लिथियम धातूसाठी खरं. आपल्या ह्या बॅटऱ्यांना थंड करायला पाणीच लागतं आणि भरपूर लागतं, फक्त वीज आधी बंद पाहिजे. चार बादल्या गेल्या. बायको जिन्याच्या दारात उभी, "काय पेटवलासा हो सणाचं?" एवढंच म्हणाली. श्रीखंड कुणी नीट खाल्लं नाही.

पोराला कुणी रागवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याची एक चूक नव्हती.

लोक मला २०२२ मधल्या पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरींची आठवण करून देतात. पुण्यात लोहगावकडचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला. त्यानंतर सरकारनं अशा गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस १५६ चे नियम कडक केले. पण फरक लक्षात घ्या: स्कूटरच्या बॅटरीत निदान राखण करणारं सर्किट असतं. आमच्या छंदाच्या पॅकमध्ये काहीच नसतं, नुसते सेल आणि वायरी. राखणदार म्हणजे चार्जर आणि आपण. चार्जरला चुकीचं सांगितलं की दोघंही गेले.

आता काय करतो ते सांगतो. जुना चार्जर कुणाला देऊन टाकला नाही, मोडीत काढला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी तो जाणार नाही. नव्यावर बॅलन्स वायर लावल्याशिवाय मी स्टार्टला हात लावत नाही. करंट बॅटरीच्या आकड्याइतकाच, ५००० ला ५ अँपिअर, पाकिटावर काहीही छापलेलं असो. आधी चार्जिंगच्या वायरीचे केळ्याचे (बनाना) प्लग चार्जरला, मग बॅटरी. उलटं केलं तर मोकळे प्लग एकमेकांना टेकून ठिणगी पडते. चार्जिंग कडप्प्याच्या तुकड्यावर, आजूबाजूला हातभर काही नाही, आणि मी तिथंच चहा घेऊन बसलेला. रात्री लावून झोपणं बंद. गाडी चालवून आणलेली गरम बॅटरी अर्धा-पाऊण तास तशीच ठेवतो. क्रॉलर दगडावरून गडगडली असेल तर त्या दिवशी ती बॅटरी चार्जच करत नाही. कडक केसच्या आत काय चेपलंय ते दिसत नाही.

ठेवायला तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा कापून घेतलाय. खाली वाळू, प्रत्येक बॅटरी ग्लास फायबरच्या वेगळ्या पिशवीत, वर झाकण नुसतं टेकवलेलं. मित्रानं मिलिटरीचा घट्ट कड्यांचा डबा आणला, मी म्हटलं रबर काढ त्याचं. गॅस कोंडला तर तो डबा राहत नाही, सुतळी बॉम्ब होतो. डबा जिन्याखाली ठेवत नाही, पेटलं तर पळायची वाट तीच. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर नाही, मेमध्ये तिथं पापड वाळतात. फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारेही आहेत. बाहेर काढल्यावर घाम सुटतो आणि बायकोनं आधीच नाही म्हटलंय.

फुगलेली आणि "जागी केलेली" अशा दोन्ही बॅटऱ्या मारायच्या, म्हणजे पूर्ण उतरवायच्या, राहिल्या होत्या. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट वायरीला जोडला आणि अंगणात मोकळ्यावर ठेवला. बरेच तास पिवळा उजेड, मग लाल तार, मग काही नाही. तरी रात्रभर तसाच जोडून ठेवला. मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणतात, पण त्यात टोकंच गंजून तुटतात आणि आत चार्ज शिल्लक राहतो. मग टोकांना टेप गुंडाळून ई-कचरावाल्याला दिल्या. घंटागाडीत नाही, तिथं कचरा दाबतात. भंगारवाल्याला तर नाहीच, तो हातोड्यानं उघडून बघणार.

भाच्याच्या गाडीला आता लाय-फे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी दिलीय. ६.६ व्होल्ट, थोडी सुस्त, पण स्वभावानं शांत. तिला चार्जरवर वेगळा मोड लागतो, ७.२ ला थांबणारा. तो मोड स्टार्टच्या आधी मोठ्यानं वाचायचा असं ठरलंय, आणि पोरगं वाचतं, फोनवरसुद्धा.

काल संध्याकाळी माझ्या तिन्ही नव्या लिपो भरलेल्याच होत्या, रविवारचा बेत पावसानं मोडला. चार्जरनं उतरवायला लावल्या तर तो पाच वॉटनं तासन्‌तास बसतो. त्यापेक्षा गाडी काढली आणि बोळातल्या विटांच्या ढिगावर तिन्ही बॅटऱ्या ७.६ ला येईपर्यंत चालवली. शेजारची पोरं जमली. प्लग काढले, मास्किंग टेपवर तारीख आणि व्होल्ट लिहिले, डब्यात ठेवल्या. १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आलो की मीटर लावून बघणार.