ठाणे ते सीवूड्स, व्हाया माउंट वारिओ

आषाढातला शनिवार, ठाण्यात पहाटेपासून पाऊस नुसता ओतत होता आणि मी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अळूवड्यांचा डबा घेऊन दहा नंबरवर पनवेल लोकलची वाट बघत उभी. सीवूड्सला मावशीकडे दोन दिवस राहायला चालले होते. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, दुबईहून येताना निन्टेन्डो स्विच (टीव्हीला जोडून खेळायचं गेम कन्सोल) घेऊन आला त्याला आता बरेच दिवस झाले, त्यावरचं मारिओ कार्ट ८ डिलक्स हे गाड्यांच्या शर्यतीचं गेम आम्ही जमेल तसं तुकड्यातुकड्यात खेळत आलोय, पण यावेळी चिऊला (दादाची मुलगी, वय वर्षं नऊ) मी शब्द दिलेला की बूस्टर कोर्स पाससकट (नंतर विकत घ्यायचे जादा ट्रॅक) सगळे ९६ ट्रॅक संपवायचे आणि त्यातले भारी कुठले ते एकदाचं ठरवून टाकायचं.

गाडी आली, लेडीज डब्यात खिडकी मिळाली, आणखी काय पाहिजे. ट्रान्स हार्बरचा हा रस्ता मला मनापासून आवडतो. ठाणं सुटलं की खाडी लागते, मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, आणि डाव्या हाताला एमआयडीसीच्या शेड्सच्या मागे पारसिकचा डोंगर. मे महिन्यात बघाल तर करडा, भाजलेला असतो, आता मात्र हिरवागार आणि त्यावरून पांढऱ्या दोऱ्यासारखे ओहोळ उतरत होते. मी गेली कित्येक वर्षं या लाइनने जातेय, तरी पावसाळ्यात मोबाइल पर्समधून निघत नाही.

तिथे खिडकीत बसल्या बसल्याच माझं ठरलं होतं खरं तर. जो ट्रॅक आपल्याला एका ठिकाणाहून उचलतो आणि भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो, तो माझ्यासाठी सगळ्यात भारी. गोल गोल फिरून परत तिथेच आलो तर रेस झाली, प्रवास कुठे झाला?

सीवूड्सला उतरलं की स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. प्लॅटफॉर्मवरून वर आलं की सरकते जिने, दुकानांचे दिवे, भिजलेल्या छत्र्या झटकणारी माणसं. मला दर वेळी तिथे कोकोनट मॉल आठवतो. मूळचा २००८ च्या मारिओ कार्ट वी या जुन्या गेममधला ट्रॅक, सुरुवातीलाच गाडी घेऊन मॉलमध्ये घुसायचं आणि सरकत्या जिन्यावर चढायचं, उलट्या दिशेने जाणारा जिना पकडलात तर गाडी घसपटत मागे येते आणि बाकीचे पुढे निघून जातात. डिलक्समध्ये हा ट्रॅक २०२२ मध्ये आला तेव्हा शेवटच्या पार्किंगमधल्या गाड्या नुसत्या उभ्या होत्या, जुन्या गेममध्ये त्या मधे मधे यायच्या. मला ते फार खटकलं होतं, पार्किंगची सगळी मजाच गेली. नंतरच्या अपडेटमध्ये त्या गाड्या गोल गोल फिरायला लागल्या तेव्हा कुठे बरं वाटलं.

घरी पोचले तर चिऊ कंट्रोलर चार्ज करून तयार. मावशीने आधी गरम गरम चहा दिला, अळूवड्या तव्यावर परतायला टाकल्या, मग सोफ्यावर चौघांची रांग. मावशी पासष्टची आहे आणि ती खेळते, अगदी मनापासून खेळते. तिच्यासाठी स्मार्ट स्टीअरिंग चालू ठेवतो, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जायला लागली की आपोआप आत वळते, आणि अॅक्सिलरेटरसुद्धा ऑटो. ते चालू असलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. मावशी तिला शेंडी म्हणते. "माझी शेंडी बघ किती छान उडतेय," असं म्हणत ती योशी, तो हिरवा डायनोसॉर, घेऊन निघते.

पहिलं भांडण बेबी पार्कवर झालं. चिऊचा हा जीव की प्राण. २००३ च्या मारिओ कार्ट डबल डॅशमधून आलेला, छोटासा लंबगोल, नेहमीच्या ३ ऐवजी ७ लॅप म्हणजे फेऱ्या, आणि डिलक्समध्ये तर अख्खा ट्रॅक अँटिग्रॅव्हिटीचा, म्हणजे चाकं आडवी होतात आणि एकमेकांना धडकलं की उलट वेगच मिळतो. १२ गाड्या एवढ्याशा जागेत, कोणी फेकलेलं शेल (कासवाचं कवच) कोणाला लागतंय काही कळत नाही. "आत्या, यात कोणीपण जिंकू शकतं ना, म्हणून बेस्ट," चिऊ म्हणाली, आणि तिचं म्हणणं खोटं नाही, मावशी एकमेव ट्रॅक जिंकली तो हाच. तरीपण माझ्या पहिल्या पाचात तो नाही.

माझ्या यादीत डॉल्फिन शोल्स आहे. पाण्याखाली जाता तेव्हा गाणं दबल्यासारखं, लांबून आल्यासारखं वाजत असतं, महाकाय ईल माशाच्या जवळून जायचं, आणि पाण्याबाहेर पडताच सॅक्सोफोन जो सुटतो, बास. दादा तर त्या जागी दर लॅपला खांदे हलवतो. या गेमचं पुष्कळसं संगीत खऱ्या वादकांनी वाजवून रेकॉर्ड केलंय, आणि ते ऐकताना कळतं. मेपल ट्रीवेपण घेतला, लाल-पिवळ्या पानांच्या ढिगातून गाडी नेली की पानं उडतात, महाकाय झाडाच्या फांद्यांवरून रस्ता. आपल्याकडे असा पानगळीचा ऋतू नसतो म्हणून असेल, मला तिथे थांबून बघत राहावंसं वाटतं, आणि त्या नादात मी दोनदा खाली पडले.

पण माउंट वारिओ. यावर मी कितीही बोलू शकते. २०१४ च्या मूळ मारिओ कार्ट ८ मधला हा ट्रॅक, यात लॅपच नाहीत. डोंगराच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत एकच सलग रस्ता, त्याचे तीन भाग. सुरुवात विमानाच्या पोटात होते, दार उघडतं आणि सगळ्यांनी बर्फावर उड्या टाकायच्या. बर्फाची गुहा, मग धरण, तिथे चाकं आडवी होऊन गाडी पुढे जाते (मावशी म्हणाली, "अगं हे तर आपलं मोरबे!", नवी मुंबईचं पाणी मोरब्याहून येतं म्हणून), मग पाइनची दाट झाडी, आणि शेवटी स्कीइंगचा उतार, टेकाडं टेकाडं, झेंड्यांच्या मधून नागमोडी, शेवटचा मोठा रॅम्प, आणि खाली प्रेक्षकांनी भरलेलं मैदान. प्रत्येक भागाला गाणं बदलतं, म्हणजे चाल तीच पण वाजवणं वेगळं, वर ते गंभीर असतं आणि खाली येता येता मोकळं होत जातं. एकदा हुकलेलं वळण परत येत नाही. लॅपवाल्या ट्रॅकमध्ये पुढच्या फेरीत बघू असं म्हणता येतं, इथे ती झाडी एकदाच, ते धरण एकदाच. म्हणूनच डोळे उघडे ठेवून खेळावं लागतं, घाटातून गाडी उतरवताना ठेवतो तसे.

याच जातीचे आणखी दोन. बिग ब्लू, तो एफ-झीरो या निन्टेन्डोच्याच दुसऱ्या रेसिंग गेममधून आलाय, त्यातही लॅप नाहीत, तीन टप्पे आणि वेग असा की डोळे मिटायची सोय नाही. आणि निन्टेन्डो ६४ या जुन्या कन्सोलवरचा रेनबो रोड. मूळ गेममध्ये, १९९६ च्या, तो इतका लांबलचक होता की ३ लॅप म्हणजे घरच्यांनी जेवायला हाक मारून मारून थकावं, इथे त्यांनी अख्खी एकच फेरी ठेवली आणि तिचे तीन भाग केले. खाली रात्रीचं शहर लखलखतंय, आकाशातून आगगाडी जातेय आणि नाणी सोडत जातेय, तुम्ही ती वेचत मागे धावताय. लोकलवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी हा ट्रॅक हरले तरी उदास होत नाही.

रात्री पाऊस थांबला तसा दादा म्हणाला चला चक्कर मारू. पाम बीच रोडला निघालो, डाव्या हाताला खारफुटी काळीभोर, रस्ता ओला आणि त्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे पसरलेले. फ्लेमिंगोंचा हा सीझन नाही, ते हिवाळ्यात येतात. चिऊ मागच्या सीटवरून प्रत्येक सिग्नलला "तीन, दोन, एक" करत होती. तिथेच विषय निघाला की बूस्टर पासमध्ये पॅरिस आहे, टोकियो आहे, सिंगापूर, बँकॉक, १४ शहरं आहेत, आपलं एकही नाही. ते शहरांचे ट्रॅक मला आवडतात कारण त्यात दर फेरीला रस्ता बदलतो, पॅरिसमध्ये तर तिसऱ्या लॅपला उलटं वळून यायचं असतं, म्हणजे मागे राहिलेले समोरून अंगावर येतात. चिऊ म्हणाली मग आपणच बनवूया की.

९६ काही पूर्ण झाले नाहीत. रविवारी दुपारपर्यंत ७१ झाले आणि मावशीने जेवायला उठवलं. निघायच्या आधी तिने एकदा शेंडी काढून माउंट वारिओ खेळायचा हट्ट धरला, झाडीत तीनदा पडली, अकरावी आली, आणि कंट्रोलर खाली न ठेवता म्हणाली, "परत लाव."

काल दादाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. चिऊने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्केचपेनने नवी मुंबईचा ट्रॅक काढलाय. स्टार्ट ठाण्याच्या दहा नंबरवर, मग खाडीवर ग्लायडर, पारसिकच्या भिंतीला चिकटून अँटिग्रॅव्हिटी, तुर्भ्याला ट्रक आडवे येतात, सीवूड्सला उलटा सरकता जिना, पाम बीचला खारफुटीतून शॉर्टकट (वेग वाढवणारं मशरूम असेल तरच), आणि फिनिश लाइन आजीच्या बिल्डिंगच्या गेटवर, तिथे वॉचमनकाका झेंडा घेऊन उभे. कोपऱ्यात लिहिलंय: लॅप ७. त्याखाली कंस करून, बारीक अक्षरात: आत्या म्हणते १.